मशीन पाहण्याआधी नळ पाहा

कपडे धुण्याचे मशीन घेताना आपले लोक आधी कंपनी विचारतात, मग हप्ता. नळाला पाणी किती वेळ आणि किती जोराने येते, हे कोणी पाहत नाही. राहनाळ, भिवंडीकडच्या ज्या घरात पाणी ठरावीक वेळेलाच येते किंवा टँकरने भरावे लागते, तेथे फुल ऑटोमॅटिक मशीन मध्येच थांबून बसते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बादलीने पाणी ओतता येते, किंमतही कमी. मात्र त्यात एकाच साबणाच्या पाण्यात घरातले सारे कपडे फिरवले जातात. नापाक कपडा आधी नळाखाली वेगळा धुऊन पाक करावा, नाहीतर सगळ्याच कपड्यांचा सवाल उभा राहतो.

फ्रंट लोडला पाणी कमी लागते. पण त्याचा हीटर साधारण 2 किलोवॅटचा, आणि बोअरच्या जड पाण्याचा थर त्याच्यावरच बसतो.

ड्रायर या शब्दाचा तर घोळच आहे. सेमी-ऑटोमॅटिकचा 'ड्रायर' कपडा वाळवत नाही, पिळतो. खरा ड्रायर गरम हवेचा. आता यंत्रमागावर ताणा खेचूनच कपडा विणला जातो, हे आपल्या धंदेवाल्यांना सांगायला नको. ओल, गरमी आणि घुसळण मिळाली की सुती कपडा तो ताण सोडतो आणि आटतो. ड्रायरच्या जाळीत साठणारा कापूस म्हणजे तुमच्याच कुर्त्याचे सूत. पॉलिस्टर कमी आटते, तरी गरमी कमीच ठेवावी. पावसाळा सोडला तर गच्चीवरची दोरी पुरते. पावसाळ्यातही नीट पिळलेला पातळ कपडा पंख्याखाली रातभरात वाळतो.