खार जवळ का येते?

न्यूयॉर्क पाहून आलेल्या मराठी कुटुंबाच्या फोनमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे फोटो असतात, टाइम्स स्क्वेअरचे असतात आणि सेंट्रल पार्कातल्या खारीचे तर हमखास असतात. पुतळ्याचे चार, खारीचे चाळीस. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला गेलेल्या आज्यांचे तर विचारूच नका. घरामागच्या डेकवर येणाऱ्या खारीचा व्हिडिओ रोज सकाळी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडतो आणि खाली लिहिलेले असते, ‘अगं बाई, कशी दोन हातांनी धरून खातेय बघ!’ गंमत अशी, की याच आजीच्या पुण्यातल्या सोसायटीत आंब्यावर दिवसभर खारींची पळापळ चाललेली असते. तिचा व्हिडिओ कुणी काढत नाही. उलट दिल्लीच्या लोधी गार्डनमध्ये परदेशी पर्यटक आपल्या पट्टेवाल्या खारीपुढे कॅमेरा रोखून तासन्‌तास उकिडवे बसतात.

पिकते तिथे विकत नाही, असे म्हणून हे सोडून देता येईल. पण न्यूयॉर्क, बॉस्टन किंवा लंडनच्या बागेत पाहुणा खारीवर भाळतो त्याचे कारण निव्वळ नवलाईत नाही. आपली खार शंभर-सव्वाशे ग्रॅमची, चिरचिर करत क्षणात खोडापलीकडे पसार होणारी. अमेरिकेतली करडी खार तिच्या चौपट-पाचपट वजनाची, झुपकेदार शेपटीची आणि मुख्य म्हणजे माणसाला पाहून न पळणारी. ती बाकावर बसलेल्याच्या बुटापर्यंत येते, मागच्या पायांवर उभी राहते, पुढचे पंजे छातीशी धरते आणि थेट तोंडाकडे पाहते. मोठ्या शहरात परक्या माणसाकडे एवढ्या आस्थेने दुसरे कोण पाहते? पाहुणा तिथेच विरघळतो.

यात ठेवणीचा भाग आहेच. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तन-अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडले होते, की मोठे डोके, टपोरे डोळे, गोबरे गाल अशी बाळासारखी चेहरेपट्टी दिसली की माणसात सांभाळण्याची ऊर्मी आपसूक उठते. खारीकडे हे सगळे आहे. पण मग उंदराने काय घोडे मारले आहे? डोळे त्याचेही टपोरे, तोही पुढच्या पंजांत धरूनच खातो आणि दोघेही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या एकाच गणातले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकात पिझ्झाचा तुकडा ओढत नेणारा उंदीर २०१५ मध्ये जगभर गाजला. लोक पोट धरून हसले, पण त्याला हाताने भरवायला कुणी गेले नाही. फरक शेपटीचा आहे, तसा वेळेचाही आहे. उंदीर रात्रीचा आणि गटाराचा. खार उजेडातली, माणसे फिरायला निघतात त्याच सुमारास तीही बाहेर पडते.

शेंग मिळाल्यावर ती काय करते, हे मात्र फोन खिशात ठेवून पाहावे. आधी हुंगते. मग पंजांत फिरवते आणि डोके एक-दोनदा झटकते. वजन जोखण्याची ही तिची रीत. आत दाणा भरलेला आहे की शेंग पोचट, याचा अंदाज तिला त्यातून येतो. भूक असेल तर तिथेच फोडते. पोट भरलेले असेल तर शेंग तोंडात धरून थोडी लांब जाते, पंजांनी बोटभर खड्डा उकरते, शेंग दाबून बसवते, माती लोटते आणि वर एखादे वाळके पान ओढून घेते. दुसरी खार टपून बसलेली दिसली तर खड्डा उकरायचा, शेंग ठेवल्याचे सोंग करायचे, माती सारखी करायची आणि शेंग तोंडातच ठेवून पसार व्हायचे, असाही प्रकार ती करते. संशोधकांनी ही फसवाफसवी नोंदवून ठेवली आहे. बाकावरच्या पाहुण्याला ती खेळकर वाटते. प्रत्यक्षात तिचा जमाखर्च चाललेला असतो.

हे हिशेबी जनावर शहराच्या बागेत आपल्या पायांनी आलेले नाही. करडी खार मूळची पूर्व अमेरिकेतल्या ओक आणि हिकरीच्या रानातली. शेतकऱ्याच्या लेखी ती मक्यावर डल्ला मारणारी चोर. पेनसिल्व्हेनियात १७४९ मध्ये मारलेल्या प्रत्येक खारीमागे तीन पेन्सचे बक्षीस लावले गेले. सहा लाखांहून अधिक खारी मारल्या गेल्या आणि वसाहतीच्या तिजोरीला चांगलीच खार लागली. शहरांत खार दिसायची ती पिंजऱ्यात पाळलेली किंवा बाजारात विकायला आलेली.

मग वारे फिरले. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये १८४७ मध्ये तीन खारी सोडण्यात आल्या. त्यांना राहायला पेट्या दिल्या, खाण्याची सोय केली. बॉस्टन आणि न्यू हेवनने पुढच्या दशकात तोच कित्ता गिरवला. सेंट्रल पार्कात १८७७ मध्ये थोड्या खारी सोडल्या आणि १८८३ पर्यंत त्यांची संख्या दीड हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज होता. वाढलेली झाडे, शिकारीला बंदी आणि शेंगा घेऊन येणारे नागरिक, असे सगळे जुळून आले. निसर्गलेखक अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांनी तर १९१४ मध्ये ‘बॉइज लाइफ’ या मासिकातून सुचवले, की मुलांमधला क्रूरपणा घालवायचा असेल तर गावोगाव खारी सोडाव्यात. थोडक्यात, खारीला संस्कारवर्ग चालवायला दिला! आजचा पाहुणा जिला ‘निसर्ग’ समजून फोटो काढतो, ती पावणेदोनशे वर्षांच्या लाडांतून आणि नगरपालिकांच्या ठरावांतून धीट झालेली खार आहे.

त्यातही तिने आपल्याला निवडले, हा पाहुण्याचा समज आकड्यांपुढे टिकत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी सेंट्रल पार्कातल्या खारींची शिरगणती केली. ३,०२३ वेळा खार दिसल्याची नोंद झाली आणि त्यावरून २,३७३ खारी असाव्यात असा अंदाज निघाला. माणसाला पाहून खार काय करते, याच्याही नोंदी होत्या. खारीने ढुंकूनही पाहिले नाही, अशा नोंदी चौदाशेच्या वर. पळून गेली, अशा साडेसहाशेच्या वर. जवळ आली, अशा दोनशेही भरल्या नाहीत. पण बेफिकीर खारीचा व्हिडिओ कोण काढणार?

इथपर्यंत सारे गोड आहे. या मोहाची किंमत दिसते ती युरोपात. इंग्लंडमध्ये हौशी जमीनदारांनी करड्या खारी शोभेसाठी आणल्या. पहिली ठळक नोंद १८७६ ची, चेशरमधल्या हेनबरी पार्कातली. वोबर्न अॅबीत १८९० मध्ये दहा खारी आणून सोडल्या, त्या न्यू जर्सीहून. (आजींच्या डेकवरच्या खारीची ही चुलतघराणी म्हणायची.) तिथून त्या भेट म्हणून इतर इस्टेटींवर आणि लंडनच्या बागांत गेल्या. बीट्रिक्स पॉटर यांनी १९०३ मध्ये जिच्यावर गोष्ट लिहिली ती इंग्लंडची अस्सल लाल खार आज मुख्यतः स्कॉटलंडमध्ये आणि उत्तरेच्या काही भागांत उरली आहे. करडी खार तिचे खाणे तर पळवतेच, शिवाय एक देवीसारखा विषाणू अंगावर बाळगते. करडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. लाल खार काही दिवसांत मरते. करडी खार आणणे आणि पाळणे यांवर ब्रिटनने १९३७ मध्ये बंदी घातली, तोवर घोडे कधीच पळाले होते. सेंट जेम्स पार्कात लोक करडीसाठी थांबतात तेव्हा लाल कुठे गेली, हे विचारायचे कुणाच्या डोक्यात येत नाही.

इटलीची गोष्ट याहून बोलकी आहे. तुरिनजवळ स्टुपिनिजी इथे १९४८ मध्ये अमेरिकेतून आणलेल्या दोन जोड्या सोडल्या गेल्या. अनेक वर्षे त्या थोड्या टापूतच होत्या. मग त्या पसरू लागल्या आणि आल्प्स ओलांडून उरलेल्या युरोपात शिरण्याची भीती निर्माण झाली. म्हणून राष्ट्रीय वन्यजीव संस्थेने १९९७ मध्ये राकोनिजीच्या उद्यानात त्या पकडून वेदनारहित पद्धतीने मारण्याचा प्रयोग सुरू केला. प्राणिमित्र संघटना न्यायालयात गेल्या आणि काम थांबले. संस्थेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, २००० मध्ये अपिलात ते निर्दोष सुटले. पण दरम्यानच्या तीन वर्षांत खारी इतक्या फैलावल्या, की त्यांचा समूळ बंदोबस्त करण्याची संधी हातची गेली. लाल खारीच्या बाजूने न्यायालयात कुणी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही. ती बागेतल्या बाकाजवळ येत नव्हती ना!

आपली खारही या भानगडीतून सुटलेली नाही. उत्तर भारतातली पाच पट्ट्यांची खार १८९८ मध्ये पर्थच्या प्राणिसंग्रहालयात नेली गेली आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या शहराच्या आसपास तिने बिऱ्हाड केले.

लोकांनी खारीवर प्रेम करू नये, असे कुणी म्हणणार नाही. रामाच्या बोटांचे पट्टे पाठीवर मिरवणाऱ्या खारीच्या देशात तर नाहीच. हरकत आहे ती भरवण्याला. नुसत्या शेंगदाण्यावर पोसलेल्या खारीला कॅल्शियम पुरेसे मिळत नाही आणि तिची हाडे ठिसूळ होतात. माणसाचा हात म्हणजे खाणे, असे एकदा डोक्यात बसले की रिकामा हातही चावला जातो. अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमध्ये दरवर्षी कित्येक पर्यटकांना खारी चावतात, म्हणून तिथले उद्यान प्रशासन या इवल्या प्राण्याला तिथल्या सर्वांत धोकादायक प्राण्यांत गणते. आणि खाऊ घालण्याची सवय एकदा हक्क झाली की ती सुटत नाही. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत जे रण माजले, त्यात कबुतरांच्या प्रकृतीपेक्षा दाणे टाकणाऱ्यांच्या भावनांची चर्चा अधिक झाली. पुण्या-मुंबईच्या बागांत आज खारीपुढे फरसाण आणि बिस्किटांचा चुरा टाकणारे थोडे आहेत. नियम आत्ताच करावा, तो पुढे जड जाईल.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हीही खारच, मोठ्या अंगाची. भीमाशंकरच्या रानात ती एका झाडावरून दुसऱ्यावर झेपा घेते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. तिला शेंग देता येत नाही, तिच्यासोबत सेल्फी निघत नाही. तिला हवे असते फांदीला लागून असलेल्या फांद्यांचे सलग छत, आणि ते रस्ता रुंद करताना तुटते. शहरातल्या छोट्या खारीची गरजही थोडीफार तीच: जुनी आंबा-जांभळाची झाडे, खोडांतल्या ढोल्या, फांद्यांची दाटी. उद्यान विभागाने पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत हात जरा आखडता घेतला, तर भरवण्याहून अधिक काम होईल. आणि ‘खाऊ घालू नये’ एवढ्या पाटीने भागणार नाही. खार दिसायची वेळ कोणती आणि ती बागेतल्या कोणत्या उंबरावर हमखास सापडते, हेही त्याच पाटीवर लिहावे.