पत्रा कापण्याआधी कागद

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावची एक छोटी जीप देशभर गाजली. गावातल्याच एका कारागिराने सुमारे 60 हजार रुपयांत, मिळेल ते लोखंड आणि जुने सुटे भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी मुलासाठी बनवली होती. ती नियमांत बसत नाही हे सांगूनच उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची तारीफ केली आणि जानेवारी 2022 मध्ये तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला बोलेरो दिली. ते कौतुक रास्तच होते. पण त्या गदारोळात ‘जुगाड’ हा शब्द जितका मिरवला, तितका ‘ड्रॉईंग’ हा शब्द कुठे ऐकू आला नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये हात तयार आहेत, मशिनेही येत आहेत. कमी पडते आहे ते माप कागदावर उतरवण्याचे काम. सांगली-साताऱ्याच्या उद्योगाने आता सगळ्यात आधी याच कामाकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते.

यामागे एक साधा हिशेब आहे. मोटारीचा पत्र्याचा एखादा भाग पूर्वी दोनच प्रकारे मिळे. कंपनी डाय बनवून प्रेसवर हजारो नग काढी, नाहीतर मिस्त्री गॅस कटरने अंदाजे कापून ग्राइंडरने घासून बसवी. डायचा खर्च एका नगासाठी कुणालाच परवडत नाही. आता आलेल्या लेझर कटिंगला डाय लागतच नाही. संगणकावरच्या रेषा मशीन वाचते आणि त्याच रेषेवरून पत्रा कापते. नग एक असो की पन्नास. त्यामुळे ज्याचे सुटे भाग बाजारातून केव्हाच गेले अशा जुन्या जीपचा ब्रॅकेट, ट्रॉलीची प्लेट किंवा बॅटरीचा ट्रे एकट्यापुरता करून घेणे शक्य झाले आहे. मात्र मशीन समजूतदार नसते. मिस्त्री ‘हे भोक जरा इकडे हवे’ म्हणून स्वतःच दुरुस्ती करतो. लेझर चुकीचे भोक तितक्याच सफाईने पाडतो. आणि चुका वाटतात त्यापेक्षा बारीक असतात. 3 मिमी पत्रा काटकोनात वाकवून बाहेरून 50-50 मिमीच्या दोन बाजू हव्या असतील, तर सपाट तुकडा 100 मिमीचा कापून चालत नाही. वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, म्हणून सपाट तुकडा सुमारे 95 मिमीचा घ्यावा लागतो, आणि नेमका आकडा बेंडच्या त्रिज्येवर ठरतो. बेंड वर की खाली हे लिहायचे राहिले, तर उजव्या बाजूचा ब्रॅकेट डाव्या बाजूचा होऊन हातात पडतो. पत्र्याची जात, जाडी, भोकाला किती सूट चालेल, कोणती कड सरळ धरून मापे घ्यायची, हे सगळे कागदावर आले तरच त्याला ड्रॉईंग म्हणायचे. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोतून यातले काहीच कळत नाही.

ड्रॉईंग ही या मातीला परकी विद्या नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या उजाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर शेतकऱ्यापर्यंत गेला. ओतकाम, सुतारकाम, लेथ ही कामे करणारे कारागीर त्याआधीही होते. एका नांगराचा मोडलेला फाळ काढून त्या जागी दुसरा तसाच बसावा, ही गोष्ट मात्र मापाच्या शिस्तीशिवाय होत नाही. कारखाना आणि दुकान यांतला फरक माझ्या मते इथेच पडतो.

यावर पहिला आक्षेप असा, की मुरलेल्या मिस्त्रीला कागद कशाला, त्याच्या नजरेतच माप असते. खरे आहे, आणि म्हणूनच तर ते माप जपायला हवे. मिस्त्री थकला, मुलगा पुण्याला नोकरीला गेला, की ते ज्ञान वर्कशॉपच्या शटरमागे कायमचे बंद होते. कागदामुळे मिस्त्रीची किंमत घटत नाही, उलट त्याच्या कामाला पुरावा मिळतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: ड्रॉईंग हातात दिले, की गिऱ्हाईक तेच काम शेजारच्या दुकानातून चार पैसे कमी देऊन करून घेते. ही भीती नुसती समजावून जाणार नाही. ड्रॉईंगची मजुरी बिलात वेगळी लावण्याची पद्धत पडली, तरच ही भीती कमी होईल. आज वर्कशॉपवाला माप घ्यायला दोन तास घालवतो आणि पैसे मात्र किलोवर किंवा कटिंगच्या लांबीवर घेतो. डोक्याचे काम फुकट, अशी सवय गिऱ्हाइकाला आपणच लावली आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि त्यात तडजोड नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. म्हणून स्टिअरिंग, ब्रेक, चासी यांचे भाग हौसेने कापून बसवण्याचे समर्थन मी करणार नाही. पण कुजलेला पत्रा मूळ मापाने बदलणे वेगळे आणि गाडीचा सांगाडाच बदलणे वेगळे. ही रेषा ओढायलाही ड्रॉईंगच लागते. मूळ भाग कसा होता आणि नवा कसा आहे, हे दोन कागद शेजारी ठेवून तपासता येते. अंदाजाने कापलेला तुकडा तपासायचा कशाशी?

काम कुणी करायचे, याचे उत्तरही याच दोन जिल्ह्यांत आहे. सांगलीत 1947 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेच आजचे वालचंद कॉलेज. मिरज-कुपवाड, पलूस, सातारा येथे औद्योगिक वसाहती आहेत आणि जागोजागी आयटीआय आहेत. विद्यार्थी पुस्तकातले काल्पनिक ठोकळे परीक्षेपुरते काढतात, आणि दोन किलोमीटरवर एखादा वर्कशॉपवाला खऱ्या भागाचे माप देणाऱ्याच्या शोधात असतो. आठवड्यातून एक दिवस या मुलांनी व्हर्नियर घेऊन वसाहतीत बसावे, आलेला भाग मोजावा, ड्रॉईंग करावे, शिक्षकाने ते तपासून सही करावी, आणि ठरलेली फी मुलाला मिळावी. सुरुवात शेती अवजारांच्या आणि ट्रॉलीच्या भागांपासून करता येईल, कारण गाळप सुरू असताना मोडलेल्या एका प्लेटसाठी ऊस वाहतूक अडून राहणे कुणालाच परवडत नाही.