सोफ्याचा रंग नंतर, आधी दार मोजा

घराचं डिझाईन करायचं सॉफ्टवेअर हातात आलं की माणूस पहिल्यांदा काय करतो? सोफा ठेवतो. मग त्याचा रंग बदलतो. मग थ्रीडीमध्ये जाऊन बघतो आणि बायकोला हाक मारतो, "अगं, हे बघ!"

मीही तेच केलं. आम्ही पुण्यात टू बीएचके घेतला तेव्हा स्वीट होम थ्रीडी उतरवून घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? ब्रोशरमधला प्लॅन स्कॅन करून आत टाकला, त्यावर भिंती ओढल्या, लायब्ररीतली दारं-खिडक्या बसवल्या आणि दोन अख्खे वीकेंड आम्ही दोघं हॉलचे रंग ठरवत बसलो. झकास दिसत होतं सगळं.

एक गोष्ट मात्र आम्ही ठरवली नाही, कारण ती ठरवायची असते हेच माहीत नव्हतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे राहायला आले ते वॉकर घेऊनच. आणि तो वॉकर त्यांच्या बाथरूमच्या दारातून जाईना.

ब्रोशरमध्ये दार अडीच फुटी. म्हणजे ३० इंच हे भिंतीतलं भगदाड. त्यातून दोन्हीकडची चौकट वजा, उघडलेल्या दाराची जाडी वजा. टेप लावला तेव्हा मोकळी जागा भरली २४ इंच. वॉकर २५. माझ्या सुंदर थ्रीडीमध्ये मात्र लायब्ररीतलं तयार दार होतं, चांगलं ऐसपैस. त्यातून वॉकर काय, लग्नाची वरातसुद्धा गेली असती :-)

बाबांनी तक्रार केली नाही. ते वॉकर बाहेर ठेवून भिंतीला धरून आत जायचे. महिन्याभराने आई हळूच म्हणाली, "अरे, हे संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. रात्री उठायला लागू नये म्हणून." एक इंच. एका इंचासाठी माझा बाप तहानलेला झोपत होता, आणि मी सोफ्याच्या निळ्या रंगाच्या चार छटा करून ठेवल्या होत्या.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: ही सॉफ्टवेअर्स घर कसं दिसेल हे बघायला वापरायचीच नाहीत. घरात आपण कुठे अडू, हे शोधायला वापरायची. आपण टेस्टिंग करतो ना, तसं. दिसणं आपोआप येतं मागून.

कसं करायचं ते सांगतो. सगळं चुकून शिकलेलं आहे.

पहिलं म्हणजे, कॉम्प्युटर बंद ठेवा आणि टेप घ्या. ब्रोशरमधले आकडे बऱ्याचदा विटेपासून विटेपर्यंतचे असतात. वर प्लास्टर चढतं, ते एका भिंतीला साधारण १२ ते १५ मिलिमीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींचं मिळून एक इंच तिथेच गेला. कार्पेट एरियावरूनही खोल्यांचा हिशोब करू नका. रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंतींची जाडीसुद्धा कार्पेटमध्येच धरतात, त्यामुळे खोल्यांची बेरीज त्या आकड्याएवढी येणारच नाही. प्रत्येक भिंत मोजा. बाहेर आलेला कॉलम, खाली उतरलेला बीम, खिडकीची जमिनीपासूनची उंची, स्विचबोर्ड, स्कर्टिंग, सगळं वहीत लिहा. आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून कर्ण वेगळे आले, तर खोली गुण्यात नाही. आमची एक बेडरूम नव्हती. भिंतीला चिकटून कपाट करायचं तर हे सुताराला आधी कळलेलं बरं, नंतर फट बुजवायला पट्ट्या मारत बसण्यापेक्षा.

दुसरं, एकक एकच ठेवा. १९९९ साली नासाचं मंगळावर निघालेलं यान एककांच्या घोळात गेलं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण स्वतःच्या घरात तोच घोळ आपण घालतो. मॉड्युलर किचनवाला मिलिमीटरमध्ये बोलतो, सुतार फूट-इंच-सूतमध्ये. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या किंचित वर. सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी एकक निवडा आणि दुसऱ्याला देताना नीट बदलून द्या.

तिसरं, लायब्ररीवर विश्वास ठेवू नका. तिथलं फर्निचर दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या घराच्या मापाचं असतं. वस्तूवर डबल क्लिक करून तुमच्या फ्रिजची, तुमच्या पलंगाची, आईच्या लोखंडी कपाटाची खरी मापं भरा. दारांचं तर आवर्जून करा, आणि भगदाडाचं माप नाही, चौकटीच्या आतलं मोकळं माप. शिवाय वस्तू बंद अवस्थेत काढू नका. कपाट उघडं काढा, ड्रॉवर बाहेर ओढलेला काढा. माझी एक साधी युक्ती आहे. उघडलेल्या दाराएवढा एक चौकोनी ठोकळा कपाटापुढे ठेवून द्यायचा. तो पलंगाला भिडला की कपाट सरकत्या दाराचं हवं, हे लगेच कळतं.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरातली माणसं आत सोडा. स्वीट होममध्ये एक आभासी पाहुणा असतो, त्याची उंची बदलता येते. माझ्या उंचीने बघितलं तर किचनमधली वरची फळी हाताशी होती. आईची उंची भरली, चार फूट अकरा, आणि तीच फळी छताला टेकल्यासारखी दिसायला लागली. ओट्याची उंचीही मग तिच्या कोपरावरून ठरवली, कॅटलॉगवरून नाही. वॉकरचाही एक ठोकळा केला, २५ बाय २० इंचाचा, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत सरकवत नेला. तो दोन ठिकाणी अडला. हे काम आधी केलं असतं तर पाच मिनिटांचं होतं.

थ्रीडी अगदी शेवटी. तेही कंपास नीट लावून. उत्तर दिशा आणि गावाचे अक्षांश-रेखांश भरले की फोटो काढताना ऊन खऱ्या कोनातून येतं. पश्चिमेच्या खिडकीतून मे महिन्यात दुपारी चारला टीव्हीवर ऊन येणार का, हे बघायला त्याचा खरा उपयोग.

फाईल रोज तारखेच्या नावाने सेव्ह करा. माझ्याकडे 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच' अशा तीन आहेत आणि सुताराला त्यातली पहिली गेली होती. मिस्त्रीला थ्रीडीचा रंगीत फोटो देऊ नका, मापं लिहिलेला टूडी प्लॅन प्रिंट करून भिंतीला चिकटवा.

आणि एक सांगायलाच हवं. कुठली भिंत फोडता येते हे सॉफ्टवेअरला कळत नाही. माऊस ओढला की भिंत सरकते, बिल्डिंग तशी सरकत नाही. आम्ही आर्किटेक्ट मैत्रिणीला आणून दाखवलं, सोसायटीला पत्र दिलं, मगच छिन्नी लागली. भगदाड तीन फुटांचं केलं आणि बाहेरच्या बाजूने सरकतं दार बसवलं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं, हे तिनेच सांगितलं. आता मोकळी जागा ३२ इंच.

दार बसलं त्या रात्री बाबांनी जेवल्यावर तांब्या मागून घेतला. काही बोलले नाहीत. मीही नाही.

सोफा अजून घेतलेला नाही. रंगाचं अजून ठरत नाहीये.