परहातचं गाणं आणि चीनचं प्रशस्तिपत्र

चीनमध्ये उइघुर मुसलमानांवर जुल्म होतो असं कुणी म्हटलं, की समोरून हमखास एक प्रश्न येतो. "इतका जुल्म असता तर त्यांच्यातला एक जण टीव्हीवर गाऊन देशभर लाडका झाला असता का?" सोबत एक जुना व्हिडिओ चिकटवलेला असतो. त्यात एक उइघुर गायक गिटार घेऊन उभा आहे, समोर चार मोठमोठ्या लाल खुर्च्या पाठ करून ठेवलेल्या आहेत. तो खरखरीत, भरड आवाजात गायला लागतो आणि खुर्च्या वळतात.

गायकाचं नाव परहात खालिक. कार्यक्रम ‘द व्हॉइस ऑफ चायना’, पर्व तिसरं, साल 2014. व्हिडिओ खरा आहे, आवाजही खरा आहे आणि तो खरोखर थोर गायक आहे. पण त्या व्हिडिओवरून जो निष्कर्ष काढला जातो तो खोटा आहे. हा लेख त्या निष्कर्षाबद्दल आहे. तो काढणाऱ्यांत आपले काही मुसलमान मित्रही असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. मूळ कल्पना नेदरलँड्समधली, 2010ची. चीनमध्ये जुलै 2012मध्ये झेजियांग टीव्ही या प्रांतीय सरकारी वाहिनीवर तो सुरू झाला. आपल्याकडेही 2015 साली ‘द व्हॉइस इंडिया’ आला होता. शान, सुनिधी चौहान, मिका सिंग आणि हिमेश रेशमिया हे त्यातले कोच. चार नामवंत गायक स्पर्धकाकडे पाठ करून बसतात आणि फक्त आवाज ऐकतात. आवडला तर बटण दाबून खुर्ची वळवतात आणि त्याला आपल्या चमूत घेतात. चेहरा, कपडे, वय, जात, वंश काहीही दिसत नाही, म्हणून निवड निखळ गुणावर होते, असा या मांडणीचा दावा.

दावा छान आहे. पहिल्या मिनिटापुरता तो खराही असतो. खुर्ची वळल्यावर मात्र लगेच विचारपूस सुरू होते. कुठून आलास, घरी कोण कोण असतं, किती हाल सोसलेस. अश्रू लागतात. वांग फंग हे रॉक गायक कोच म्हणून बसत, त्यांचा एक प्रश्न तर चीनमध्ये थट्टेचा विषय झाला होता: "तुझं स्वप्न काय?" कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षाच्या अखेरीस शी जिनपिंग यांनी ‘चिनी स्वप्ना’ची घोषणा दिली, हा योगायोग. पण दोन्हीकडचा हिशोब सारखाच आहे. स्वप्न विचारायचा अधिकार खुर्चीवर बसलेल्याचा, आणि खुर्चीला पेलवेल एवढंच स्वप्न सांगायची मुभा उभ्या असलेल्याला.

परहात उरुमचीचा. त्याच्या बँडचं नाव ‘केतिक’, म्हणजे उइघुर भाषेत दही. तो वांग फंग यांच्याच चमूत गेला आणि ऑक्टोबर 2014मध्ये झालेल्या अंतिम फेरीत उपविजेता ठरला. विजेती झाली ना यिंग यांच्या चमूतली झांग बिचेन. हान प्रेक्षकांनी त्याच्यावर मनापासून प्रेम केलं, यात मला शंका नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये कुनमिंगच्या रेल्वे स्थानकावर हल्लेखोरांनी 31 जणांना चाकूंनी ठार केलं होतं. मे महिन्यात उरुमचीच्या बाजारातल्या स्फोटांत आणखी कित्येक निरपराध मेले. सरकारने या हल्ल्यांचा ठपका उइघुर अतिरेक्यांवर ठेवला होता. हे हल्ले घृणास्पद होते, त्यांना कसलंही समर्थन नाही. अशा वर्षात सामान्य चिनी माणसाने एका उइघुर गायकाला डोक्यावर घेतलं, ही त्या माणसांची चांगुलपणाची गोष्ट आहे. ती त्यांच्या खात्यावर जमा करा. सरकारच्या खात्यावर कशासाठी?

कारण त्याच 2014च्या सप्टेंबरमध्ये, स्पर्धा रंगात आलेली असताना, त्याच उरुमची शहरातल्या न्यायालयात इल्हाम तोहती यांच्यावर खटला चालला. दोन दिवसांत सुनावणी संपली आणि 23 सप्टेंबरला निकाल आला: जन्मठेप. तोहती बीजिंगच्या मिन्झू विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे. उइघुर आणि हान यांच्यात संवाद व्हावा म्हणून ते एक संकेतस्थळ चालवत. हिंसेला त्यांचा विरोध होता आणि फुटून निघण्याची मागणीही त्यांनी कधी केली नाही. मागणी इतकीच होती, की चीनच्या राज्यघटनेत आणि स्वायत्ततेच्या कायद्यात जे लिहिलंय ते पाळा, उइघुर तरुणांना नोकऱ्या द्या. त्यावर आरोप ठेवला गेला फुटीरतावादाचा.

निकालानंतर दोन आठवड्यांनी परहात अंतिम फेरीत गायला.

एकाच शहराशी नातं असलेले दोन उइघुर. एकाने परक्या भाषेत विरहाचं गाणं गायलं, त्याला टाळ्या मिळाल्या. दुसऱ्याने त्याच परक्या भाषेत हक्कांचा हिशोब मांडला, त्याला मरेपर्यंत तुरुंग मिळाला. आता सांगा, यातला कुठला व्हिडिओ चीनमधल्या मुसलमानांची स्थिती दाखवतो? दुसऱ्याचा व्हिडिओच नाही, म्हणून पहिला दाखवायचा?

हे एकदाच घडलं असंही नाही. याच कार्यक्रमाचं नाव मूळ डच कंपनीशी झालेल्या हक्कांच्या भांडणानंतर 2016 साली बदललं आणि इंग्रजीत ‘सिंग! चायना’ झालं. त्यात 2017 आणि 2018 अशी लागोपाठ दोन वर्षं तिबेटी गायक विजेते झाले. ताशी वांगचुक हा तिबेटी दुकानदार त्या काळात कोठडीत होता. शाळांमध्ये तिबेटी भाषा शिकवावी एवढी त्याची मागणी, तीही अमेरिकी वर्तमानपत्राच्या कॅमेऱ्यासमोर, उघडपणे केलेली. मे 2018मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तिबेटी माणसाने देशातल्या सर्वांत मोठ्या मंचावर जिंकणं चालतं, पण त्याच्या मुलाने शाळेत तिबेटी शिकणं चालत नाही.

चीनच्या सरकारी भाषेत अल्पसंख्य जमातींसाठी एक ठरलेलं कौतुक आहे, ‘नाचगाण्यात निपुण’. वरवर गोड वाटणारं हे विशेषण मला शिवीपेक्षा जास्त टोचतं. नाचगाण्यात निपुण, म्हणजे अर्थशास्त्रात नव्हे, कायद्यात नव्हे, मजहबच्या अभ्यासात तर नव्हेच. 2021 साली शिनजियांगवर ‘द विंग्ज ऑफ साँग्ज’ नावाचा सरकारी आशीर्वादाचा संगीतपट आला. त्यात उइघुर, कझाक, हान असे सगळे मिळून गातात. मात्र मुस्लिमबहुल प्रदेशाच्या या चित्रपटात मशिदी नाहीत आणि इस्लामचा उल्लेखही नाही, हे वृत्तसंस्थांनी तेव्हाच नोंदवलं होतं.

बरं, गाणाऱ्यांना तरी सोडलं का? अब्दुरहीम हेयित हे दुतार वाजवणारे मोठे उस्ताद. 2017 साली त्यांना धरलं. फेब्रुवारी 2019मध्ये तुर्कस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयाने ते कोठडीत वारल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी चीनने त्यांचा व्हिडिओ प्रसिद्ध केला: मी जिवंत आहे, तब्येत ठीक आहे, चौकशी सुरू आहे. मग जगभरचे उइघुर विचारू लागले, आमच्या आईवडिलांचेही व्हिडिओ दाखवा. अब्लाजान अयुप हा तरुणांचा लाडका पॉप गायक, त्याला 2018च्या फेब्रुवारीत उचललं. म्हणजे ‘राजकारणात पडू नका, नुसतं गा’ हा सौदाही पाळला गेला नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीसमोर दहा लाखांपर्यंत माणसं छावण्यांत कोंडल्याच्या विश्वासार्ह बातम्या मांडल्या गेल्या. 2022च्या 31 ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अहवाल आला, त्यात या प्रकारांना ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ म्हणता येऊ शकेल असं नमूद आहे. हे अमेरिकेचं कारस्थान आहे म्हणणाऱ्यांनी तो अहवाल वाचावा. अमेरिका दुतोंडी आहे हे मला मान्य, इराक आणि गाझा आठवतात. पण तिच्या दुतोंडीपणाने उरुमचीचा तुरुंग रिकामा होत नाही.

एका गोष्टीचा उल्लेख राहतोच. हा कार्यक्रम शेवटी कशाने अडचणीत आला? गायिका कोको ली 2022च्या पर्वात कोच होत्या. जुलै 2023मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्या महिन्यात त्यांच्या आवाजातली एक ध्वनिफीत पसरली, कार्यक्रमात आपल्याला अपमानास्पद वागणूक मिळाल्याची तक्रार त्यात होती. लोक खवळले, निर्मिती कंपनीचे शेअर कोसळले आणि वाहिनीने प्रसारण थांबवलं. थांबवलं ते चांगलंच केलं. पण बघा, जनतेचा आवाज चीनमध्ये एवढं करू शकतो. तो कुणासाठी उठू द्यायचा आणि कुणासाठी नाही, हे मात्र वर ठरतं.

आता आपल्याकडे वळू, कारण हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. "तुमचे खान सुपरस्टार आहेत, मग भेदभाव कसला?" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुसलमानाने कॉलेजात, कचेरीत, ट्रेनमध्ये ऐकलेलं आहे. 2006च्या नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला, तेव्हा तिन्ही खान शिखरावर होते. राज्य सरकारने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने 2013 साली महाराष्ट्रातल्या मुसलमानांची शिक्षण, रोजगार, घरं यांतली दैना मांडली, तेव्हाही ते शिखरावरच होते. पडद्यावरच्या तिघांमुळे भिवंडीतल्या यंत्रमागावरच्या पोराची शाळा सुटायची थांबली नाही. हे उत्तर आपण तोंडपाठ देतो. मग तोच युक्तिवाद चीनच्या तोंडून आला की आपल्यातल्या काहींना तो पटतो कसा? भारत आणि चीन यांची बरोबरी मी करत नाही. इथे मी हे मराठीत, माझ्या नावाने लिहू शकतो, हा फरक लहान नाही. पण युक्तिवाद जर खोटा असेल तर तो दोन्हीकडे खोटा आहे.

चीनने मुसलमानांना ‘सरळ’ केलं म्हणून खूश होणारे जे काही आहेत, त्यांच्याशी बोलण्यात मला रस नाही. माझं भांडण घरातल्यांशी आहे. मार्च 2019मध्ये अबुधाबीला इस्लामी सहकार्य संघटनेची बैठक झाली, तिथल्या ठरावात चीन आपल्या मुस्लिम नागरिकांची काळजी घेतो म्हणून त्याचं कौतुक केलं गेलं. त्याच वर्षी पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांनी मुलाखतीत सांगितलं, की या विषयाची आपल्याला फारशी माहिती नाही. युरोपातल्या व्यंगचित्रांची मात्र खडान्‌खडा माहिती असते! ऑक्टोबर 2022मध्ये शिनजियांगच्या अहवालावर नुसती चर्चा करावी की नाही, यावर मानवी हक्क परिषदेत मतदान झालं. 17 विरुद्ध 19 मतांनी चर्चाच नाकारली गेली. नाकारणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिरात होते. मलेशिया तटस्थ, भारतही तटस्थ. मुस्लिमबहुल देशांपैकी चर्चेच्या बाजूने उभा राहिला एकटा सोमालिया. उम्मतच्या नावाने दर जुम्म्याला दुआ मागणाऱ्यांनी या यादीवरही एकदा नजर टाकावी.

आणि दुसरा गट, ज्यांना उइघुर गायकांबद्दल कळवळा येत नाही कारण गाणं हराम. नमाजींबद्दल रडू, वादकांबद्दल कशाला, असा हा हिशोब. त्यांना उइघुर समाजात मौसिकी आणि दीन यांचं नातं ठाऊकच नाही. त्यांचं ‘बारा मुकाम’ हे संगीत सूफी काव्याच्या अंगाखांद्यावर वाढलं, मजारींवर गायलं गेलं. 2005 साली युनेस्कोने त्याचा गौरव केला, तोही चीन सरकारच्याच प्रस्तावावरून. आपल्याकडे दर्ग्यातली कव्वाली आहे, श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत, बार्शीचे शाहीर अमर शेख आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत अमर शेख गायला उभे राहत, तेव्हा कुठली खुर्ची वळण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. सरकारच्या तोंडावर जे सांगायचं ते ते गाण्यातून सांगत. उइघुरांना हेच करू दिलं जात नाही. मुकाम वारसा म्हणून काचेत ठेवला आणि तो ज्या मजारींवर जिवंत होता तिथली गर्दी हटवली.

परहातला मी दोष देत नाही. त्याने गावं, खूप गावं. 2015 साली त्याला नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला, तो त्याच्या संगीताचा मान होता. त्याचा व्हिडिओ तुम्हीही जरूर पाठवा. फक्त त्याखाली राहिले दावूत यांचं नाव लिहा. त्या शिनजियांग विद्यापीठात लोकपरंपरा शिकवायच्या. गावोगावच्या मजारींवर जाऊन त्यांनी तिथली गाणी आणि कहाण्या गोळा केल्या. डिसेंबर 2017मध्ये त्या गायब झाल्या. त्यांना जन्मठेप झाली आहे, एवढी गोष्ट बाहेर कळायला सप्टेंबर 2023 उजाडला.