चोऱ्यासीचा हिशेब: मतं लाखात, पण आमदार ठरतो तिकिटावर

इच्छापोर (सुरत) : सुरतहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागतं. इथे आपल्या खान्देशचा माणूस भेटला नाही असं होत नाही. कुणी हिऱ्याच्या पार्कात कामाला, कुणी हजिऱ्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे. दोन वाक्यं झाली की गडी अहिराणीवर येतो. पण ‘तुमचा आमदार कोण?’ असं विचारलं की बरेच जण गावाकडच्या आमदाराचं नाव सांगतात. इथला आमदार त्यांच्या हिशेबातच नसतो.

म्हणून आज हा हिशेब मांडू.

इच्छापोर येतं चोऱ्यासी विधानसभा मतदारसंघात. ही जागा बरीच वर्षं भाजपकडे आहे. 2007 मध्ये नरोत्तमभाई पटेल इथून तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले होते. आपल्याकडे काही आमदारांना एकूण मतंसुद्धा तेवढी पडत नाहीत. तेव्हा सुरतच्या कडेने वाढलेल्या वस्त्या याच मतदारसंघात होत्या. पुढे पुनर्रचना झाली, मतदारसंघ लहान झाला, आणि 2012 मध्ये राजेंद्र ऊर्फ राजाभाई पटेल आमदार झाले.

वडिलांनंतर मुलगी

राजाभाईंच्या निधनामुळे 2016 मध्ये पोटनिवडणूक लागली. पक्षाने तिकीट दिलं त्यांच्या मुलीला, झंखना पटेल यांना.  निकाल भाजपच्याच बाजूने लागला.

पुढे 2017 ची निवडणूक आली. जीएसटीवरून सुरतचा कापड बाजार तापलेला, पाटीदार आंदोलनाची धग वेगळी. तरीही झंखनाबेन एक लाख दहा हजारांवर मतांच्या फरकाने जिंकल्या. आता एवढ्या फरकाने जिंकलेल्या आमदाराचं तिकीट कोण कापणार, असं कुणालाही वाटेल.

2022 मध्ये ते कापलं गेलं! उमेदवारी मिळाली भाजपचे सुरत जिल्हाध्यक्ष संदीप देसाई यांना. त्यांना 2,36,033 मतं पडली. दुसऱ्या नंबरवरच्या ‘आप’च्या उमेदवाराला 49,615. फरक 1,86,418 मतांचा. राज्यात याहून मोठा फरक फक्त घाटलोडियात मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांचा होता.

याचा अर्थ काय?

उमेदवार बदलला, तरी फरक कमी झाला नाही, उलट वाढला. म्हणजे इथलं मत माणसाला कमी आणि चिन्हाला जास्त पडतं. खरी निवडणूक होते ती तिकीट वाटपाच्या दिवशी. तिथे मतदार नसतो, संघटना असते. त्या वेळी गुजरात भाजपचे अध्यक्ष होते सी. आर. पाटील, मूळचे आपल्या जळगाव जिल्ह्यातले. ते ज्या नवसारी मतदारसंघाचे खासदार, त्यातच चोऱ्यासी येतं. मतदार यादीच्या एकेका पानासाठी समिती नेमण्याचा त्यांचा जो प्रयोग गाजला, तो अशाच ठिकाणी मतांत दिसतो.

आमदाराला जनतेपेक्षा पक्षाची भीती जास्त असेल, तर रस्ता, पाणी, कंपनीतला अपघात यासाठी त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या मजुराचं वजन किती? हा प्रश्न कुठल्या एका पक्षाचा नाही. जिथे निकाल आधीच ठरलेला, तिथे सगळीकडे हेच होतं.

लिंबायतला वेगळं का?

त्याच सुरतमध्ये लिंबायत बघा. तिथे मराठी वस्ती एकगठ्ठा आहे. भाजपच्या संगीता पाटील 2012, 2017 आणि 2022 अशा तीन वेळा निवडून आल्या. 2022 ला समोर ‘आप’ने पंकज तायडे यांना उभं केलं. म्हणजे इकडूनही मराठी, तिकडूनही मराठी. त्या वेळी तिथे तब्बल 44 उमेदवार होते. मोजता येतील अशी मतं असली की पक्षांना विचार करावा लागतो.

इच्छापोर-हजिरा पट्ट्यात आपली माणसं विखुरलेली. त्यात अनेकांचं नाव अजून गावच्या यादीत. मतदानाला ताप्ती लाइनची गाडी पकडून गावी जायचं, नाहीतर घरीच बसायचं. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 ला ते मान्य नाही. पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8 भरून नाव हलवता येतं.

गावाशी नातं तुटेल म्हणून लोक कचरतात, ते समजू शकतो. शेत आहे, भाऊबंद आहेत, सरपंच ओळखीचा आहे. पण मूल शिकतं इथे, पाण्याचं बिल इथलं, आजारी पडलं तर दवाखाना इथलाच. वर्षातले अकरा महिने जिथे जातात, तिथल्या यादीत आपण नसू तर तिथला पुढारी आपल्याला का मोजेल?

पुढची विधानसभा 2027 च्या अखेरीला. तिकीट कुणाला मिळेल ते आपल्या हातात नाही. यादीत नाव कुठे ठेवायचं, तेवढं मात्र आहे.