बिनतारी लहरींचें भय

आमच्या सूनबाईंस सध्यां सातवा महिना आहे. गेल्या पंधरवड्यांत एका परिचित गृहस्थांनीं घरीं येऊन सांगितलें कीं, शेजघराच्या भिंतीवरील वायफायचें यंत्र गर्भास घातक आहे. झालें! आमच्या सौभाग्यवतींनीं तें तत्काळ बंद करविलें. चिरंजीवांचें कचेरीचें काम अडलें. आणि दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोलेना. आम्हीं स्वतः तर ४५० रुपये देऊन मोबाइलच्या पाठीस लावावयाची 'लहरी शोषणारी' टिकली विकत आणली.

अखेर आमच्या पुतण्यानें, जो विद्युत्-शास्त्राचा पदवीधर आहे, सर्वांस बसवून विषय उलगडून सांगितला. क्ष-किरणांच्या अंगीं अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी शक्ति असते. म्हणून गर्भवतीस त्यांपासून जपतात. बिनतारी लहरींत ती शक्ति नाहीं. त्यांचा निश्चित सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब. आणि वायफायच्या क्षीण लहरींनीं तीही जाणवण्याइतकी होत नाहीं.

मग 'कर्करोग' हा शब्द आला कोठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०११ सालीं या लहरी 'कदाचित् कर्करोगकारक' अशा वर्गांत घातल्या. आशियांतील परंपरागत पद्धतीच्या खारविलेल्या भाज्याही त्याच वर्गांत आहेत! पुरावा अपुरा, परंतु शंका पुरती फिटलेली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पुढें त्याच संघटनेनें करविलेल्या व २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या समालोचनांत मोबाइल व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाहीं.

तथापि ज्यास सावध राहावयाचें आहे त्यास उपाय फुकट आहे, आणि तो म्हणजे अंतर. यंत्रापासूनचें अंतर दुप्पट केलें कीं लहरींचा जोर सुमारें चतुर्थांश होतो. म्हणून भिंतीवरील यंत्रापेक्षां कानास लावलेल्या मोबाइलचा विचार आधीं करावा. आपल्या देशांत त्यासाठीं दर किलोग्रॅमास १.६ वॅट ही मर्यादा आहे. बहुतेक मोबाइलांवर *#०७# हीं चिन्हें दाबलीं असतां त्या यंत्राचा आंकडा दिसतो. जेथें संकेत क्षीण, तेथें मोबाइल अधिक जोर लावतो. सबब त्याची वाट अडविणारी टिकली लावणें म्हणजे त्यास अधिक ओरडावयास लावणेंच होय. आमचे ४५० रुपये विद्यादानांत जमा झाले!

हें सर्व ऐकून सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, दोन रात्री मला झोप नाहीं. बाळास कांहीं झालें असेल काय, हें मीं कोणास विचारावें?" आम्हांस मोठी लाज वाटली. जिच्यासाठीं एवढा वाद मांडला, तिला धीराचा एक शब्द कोणीं सांगितला नव्हता. लहरींनीं केला नाहीं तो उपद्रव आमच्या रज्जुसर्पानें केला.

आतां तें यंत्र बैठकीच्या खोलींत आहे. सर्वांचे मोबाइल रात्रीं उशाशीं न राहतां दिवाणखान्यांतील फडताळावर असतात. त्यामुळें आणखी कांहीं नाहीं तरी झोंप निश्चित सुधारली आहे. वाचकांनीं सावधगिरी अवश्य बाळगावी. परंतु भय घरांत आणण्यापूर्वीं त्याची चौकशी उंबरठ्यावरच करावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.