एका पराभवाएवढा मोसम

पन्हाळा तालुक्यांतील कोडोली हें वारणेच्या खोऱ्यांतलें मोठें गांव. त्याला लागूनच वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या आधारानें तेथें शाळा व महाविद्यालयें उभीं राहिलीं, आणि घरचें जेवून महाविद्यालयांत जाण्याची सोय या भागांतील मुलांना झाली. सोय मोठीच, परंतु तिच्याबरोबर एक प्रश्नहि घरांत आला. वसतिगृहांतील मुलगा संध्याकाळीं काय करतो हें वडिलांच्या दृष्टीआड राहतें. घरीं राहणारा मुलगा मात्र दिवेलागणीला चिखलानें माखून परसदारीं उभा राहतो, आणि देवघरापासून माजघरापर्यंत सर्वांना कळतें कीं, चिरंजीव महाविद्यालयाच्या फुटबॉल संघांत आहेत!

कोल्हापुरच्या मुलुखांत याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. ज्या शहरांत शाहू महाराजांनीं कुस्तीसाठीं खासबागेचें मैदान बांधविलें, त्याच शहरांतील तालमींनीं फुटबॉललाहि आपलेंसें केलें. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हीं नांवें मूळचीं तालमींचीं. आज शाहू स्टेडियमवर तींच फुटबॉल संघांचीं म्हणून दुमदुमतात. 2017 सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत भरली, तेव्हां आपल्या देशाच्या संघांत कोल्हापुरचा अनिकेत जाधव होता. तेव्हां मुलाला हा नाद कोठून लागला, असें विचारण्यांत अर्थ नाहीं. तो येथल्या हवेंतच आहे.

परंतु तालमीचा संघ आणि महाविद्यालयाचा संघ यांत मोठा भेद आहे. तालमीमागें सारी पेठ उभी असते, आणि तिचा खेळाडू वर्षानुवर्षें तिचाच राहतो. महाविद्यालयाचा संघ मात्र दरसाल नव्यानें जुळवावा लागतो. जुने खेळाडू पदवी घेऊन जातात, नवे जूनमध्यें दाखल होतात, आणि पावसांत निसरड्या मैदानावर सराव करतां करतां एकमेकांचा अंदाज येऊं लागतो न लागतो तोंच सामन्यांची वेळ येते. 1962 सालीं स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेंत कोल्हापुर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयें आहेत. त्यांच्यांतून निवडलेले मोजके खेळाडू विद्यापीठाच्या संघांतून परप्रांतीं जातात. बाकीच्यांचा मोसम येथेंच संपतो.

तो किती लौकर संपतो, याचा हिशेब घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकदां करून पाहावा. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत सोळा संघ उतरले असें धरूं. एकूण सामने होणार पंधरा. त्यांपैकीं आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरीं जातील, चार दुसऱ्यानंतर. म्हणजे सोळांपैकीं बारा संघांचा मोसम फार तर दोन सामन्यांचा! दोन-तीन महिने पहांटे उठावें, पावसांत भिजावें, आणि नव्वद मिनिटांत सारें आटोपावें. हें बहुतेकांच्या वांट्यास येणारच. त्यांत मुलाचा आळस नाहीं कीं नालायकी नाहीं. तें स्पर्धेचें गणितच आहे.

हें गणित ठाऊक नसल्यामुळें अनेक घरांत अन्याय होतो. मुलगा हरून येतो, आणि ओसरीवरून प्रश्न येतो, “इतके दिवस घालवून मिळविलेंत काय?” दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद. किती मुलांचा खेळ मैदानावर संपत नसून त्या रात्रीं घरांतच संपतो! राखीव खेळाडूची स्थिति तर याहून कठीण. त्यानें सराव सर्वांइतकाच केलेला असतो. पण मैदानावर पाऊल टाकण्याची वेळ त्याच्यावर आलेलीच नसते. आपला क्रम येईपर्यंत कुरकुर न करतां तयार राहणें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना कोणी निराळें शिकवावयास हवें काय?

मुलाचेंहि सर्व खरें मानावें असें आमचें म्हणणें नाहीं. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव असतात, हें तो मोठ्या आशेनें सांगेल. परंतु त्यासाठीं ठराविक दर्जाच्या स्पर्धेंत यश मिळवावें लागतें, आणि तेथवर पोंचणारे थोडेच. त्या आशेवर अभ्यास सोडणें म्हणजे हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागणें होय. रोजचे दोन तास अभ्यास आणि वर्गांतील हजेरी हा करार मोसमाच्या आरंभींच व्हावा. पराभवाच्या रात्रीं नव्हे.

आईचें व आजीचें भय दुखापतीचें असतें, आणि तें अनाठायीं नाहीं. म्हणून दोन नियम घरानें निक्षून सांगावेत. डोक्याला मार लागून भोवळ आली, कीं त्या दिवशीं पुन्हां खेळावयाचें नाहीं. बरें वाटूं लागलें तरीहि नाहीं, आणि वैद्यकीय तपासणीवांचून पुढेंहि नाहीं. परतीच्या पावसांत गडगडाट ऐकूं आला, कीं उघडें मैदान सोडून पक्क्या इमारतींत जावयाचें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावांचून परतावयाचें नाहीं. या दोन नियमांनीं जेवढें रक्षण होईल तेवढें शंभर नवसांनीं व्हावयाचें नाहीं.

आणखी एक गोष्ट. मुलाचे चिखलाचे कपडे जें घर कौतुकानें धुतें, तेंच घर मुलीनें फुटबॉलचें नांव काढतांच तिच्याकडे डोळे वटारून पाहतें. महाविद्यालयीन वय उभयतांचें सारखेंच थोडें. तीन-चार मोसमांत तें सरतें. मुलाशीं जो करार केला तोच मुलीशीं करावा. त्यांत एकहि अक्षर बदलण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

म्हणून या वर्षीं संघ हरून आला, तर निकालाआधीं जेवण वाढावें. जेवण झाल्यावर विचारावयाचेंच झालें, तर एवढेंच विचारावें, “पुढल्या वर्षीं संघांत कोण कोण राहणार?” या प्रश्नांत मुलाला परवानगी मिळते, आणि घराला पुढील मोसमाचा हिशेबहि.